झेडएक्स स्पेक्ट्रमकडे पुन्हा वळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती संगणकांच्या पहिल्या पिढीतील यंत्रे पुन्हा वापरणाऱ्यांची संख्या कमी नाही. त्यांपैकी सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम या ब्रिटिश संगणकाविषयी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. यंत्र नव्याने हाती घेणारे आणि केवळ एम्युलेटरवर (आजच्या संगणकावर जुन्या यंत्राचे अनुकरण करणाऱ्या प्रोग्रामवर) समाधान मानणारे, असे दोन्ही प्रकारचे वाचक डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

स्पेक्ट्रम म्हणजे नेमका कोणता संगणक?

केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर केलेला, दूरचित्रवाणी संचाला जोडून वापरायचा छोटा संगणक. १६ केबी स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड आणि ४८ केबीच्या यंत्राची १७५ पौंड होती. आत ३.५ मेगाहर्ट्झ वेगाचा झेड-८०ए प्रोसेसर, १६ केबीची रॉम (कायमची भरलेली स्मृती) आणि चित्र, ध्वनी व कळफलक सांभाळणारी, फेरांटी कंपनीने बनवलेली यूएलए नावाची चिप असे. हार्डवेअरची रचना रिचर्ड ऑल्टवासर यांची, बेसिक भाषेची रॉम मुख्यतः स्टीव्ह व्हिकर्स यांची आणि रबरी कळांचे ते प्रसिद्ध बाह्यरूप रिक डिकिन्सन यांचे. पुढे १९८४ मध्ये टणक कळांचा 'प्लस' आला, १२८ केबीचे यंत्र आधी १९८५ मध्ये स्पेनमध्ये आणि नंतर १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये आले. एप्रिल १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय ५० लाख पौंडांना विकत घेतला आणि 'प्लस टू' व 'प्लस थ्री' ही यंत्रे काढली. या पानावर वेगळे सांगितले नसेल तेथे ४८ केबीचे मूळ यंत्र गृहीत धरावे.

आधी एम्युलेटर वापरावा की थेट खरे यंत्र घ्यावे?

आधी एम्युलेटर. यात कमीपणा काहीच नाही. ज्याला केवळ जुने खेळ खेळायचे आहेत, बेसिकमध्ये पुन्हा चार ओळी लिहून पाहायच्या आहेत किंवा झेड-८० ची असेंब्ली भाषा शिकायची आहे, त्याचे सारे काम एम्युलेटरवर भागते आणि बहुतेक वेळा खऱ्या यंत्रापेक्षा सुकर होते. खऱ्या यंत्राचे आकर्षण वेगळे आहे: कळांचा स्पर्श, जुन्या टीव्हीवरचे किंचित थरथरणारे चित्र आणि मुख्य म्हणजे उघडून, मोजून, दुरुस्त करता येण्याजोगा संगणक हाताशी असण्याचे समाधान. चाळीस वर्षांपूर्वीचे यंत्र घेणे म्हणजे त्याची देखभाल पत्करणे, हे ज्याला मान्य आहे त्याने ते अवश्य घ्यावे. सोल्डरिंगची इस्त्री हातात धरण्याची ज्याची इच्छा नाही त्याने घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा संगणक भारतात मिळत होता का?

होय. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने स्पेक्ट्रम प्लसची परवानाप्राप्त आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने भारतात विकली. त्यामुळे आपल्याकडच्या माळ्यावर एखादे यंत्र सापडले, तर ते बहुधा रबरी कळांचे नसून टणक कळांचे असेल. आतील सर्किट मात्र ४८ केबीच्याच घराण्यातले असल्याने दुरुस्तीविषयी पुढे दिलेली माहिती त्यालाही लागू पडते.

शाळेत पाहिलेला संगणक स्पेक्ट्रमच होता अशी अनेकांची समजूत असते. पण १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातून शाळांना मिळालेले संगणक हे बीबीसी मायक्रो होते. ते यंत्र हाती आले, तर त्याच्या वीजपुरवठ्यातील जुने फिल्टर कॅपॅसिटर तडकून दाट, उग्र वासाचा धूर सोडतात, हे लक्षात ठेवावे आणि ते बदलेपर्यंत वीज जोडू नये.

कोणता एम्युलेटर निवडावा?

लिनक्स, मॅक आणि विंडोज या तिन्हींवर चालणारा 'फ्यूज' हा विनामूल्य व मुक्त स्रोत असलेला एम्युलेटर बहुतेकांना पुरेसा आहे. विंडोजवर 'स्पेक्टॅक्युलेटर' नेटका आहे, तर 'झेसारयूएक्स' स्पेक्ट्रमखेरीज त्याच्या अनेक भाऊबंदांचेही अनुकरण करतो. काहीही न बसवता केवळ चव घ्यायची असेल, तर ब्राउझरमध्ये चालणारा 'जेएसस्पेक्सी' उघडावा.

एम्युलेटर अचूक आहे किंवा नाही, असे म्हणतात तेव्हा नेमके काय अभिप्रेत असते?

झेड-८० च्या सूचना बरोबर पाळणे हा त्यातला सोपा भाग झाला. अवघड भाग वेळेचा आहे. स्पेक्ट्रमच्या पहिल्या १६ केबी रॅममध्ये पडद्यावरचे चित्र साठवलेले असते आणि ती रॅम प्रोसेसर व यूएलए या दोघांनाही एकाच वेळी हवी असते. चित्र रेखाटणे थांबवता येत नसल्यामुळे यूएलए अशा वेळी प्रोसेसरचे घड्याळच क्षणभर अडवून धरते. परिणामी तोच प्रोग्राम खालच्या १६ केबीत ठेवला तर किंचित सावकाश चालतो आणि वरच्या ३२ केबीत ठेवला तर पूर्ण वेगाने धावतो. ४८ केबीच्या यंत्रात एक पूर्ण चित्र ६९,८८८ घड्याळी ठोक्यांत तयार होते, म्हणजेच सेकंदाला सुमारे ५०.०८ चित्रे. पडद्याच्या कडेवर रंगीत पट्टे नाचवणारे किंवा एकाच चौकटीत दोनापेक्षा जास्त रंग दाखवणारे प्रोग्राम हे ठोके मोजूनच लिहिलेले असतात, त्यामुळे एम्युलेटर एका ठोक्यानेही चुकला तरी पट्टे सरकतात किंवा रंग विस्कटतात.

रंगांची ती चौकटही समजून घेण्यासारखी आहे. पडदा २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा, पण रंग मात्र आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटीगणिक दोनच. एका बाइटमध्ये शाईचा रंग, कागदाचा रंग, उजळपणा आणि लुकलुकणे एवढे सगळे बसवलेले. यामुळे चित्र आणि रंग मिळून ६,९१२ बाइटांत मावतात. त्याची किंमत म्हणजे खेळातले पात्र झाडाजवळून गेले की झाडही त्याच्या रंगाचे होते. ही उणीव एम्युलेटरने 'सुधारून' दाखवू नये, कारण चित्रकारांनी आपली चित्रे या मर्यादेच्या आत राहूनच बेतली होती.

याहून सूक्ष्म गोष्टीही आहेत. ज्या पोर्टवर (बाहेरच्या उपकरणांशी देवाणघेवाणीच्या क्रमांकावर) काहीच जोडलेले नाही तो वाचला, तर खऱ्या ४८ केबीच्या यंत्रावर यूएलए त्या क्षणी रॅममधून जे उचलत असेल तेच हाती येते, आणि काही खेळ या विचित्र गुणाचा उपयोग पडद्याशी ताळमेळ राखण्यासाठी करतात. चांगला एम्युलेटर हेही पाळतो.

एम्युलेटरमध्ये सरकणारे चित्र अडखळत का दिसते?

स्पेक्ट्रम सेकंदाला ५० चित्रे देतो आणि आजचे बहुतेक मॉनिटर ६० वेळा ताजे होतात. त्यामुळे दर सेकंदाला काही चित्रे दोनदा दाखवावी लागतात आणि सरकणारी पार्श्वभूमी हिसके देते. मॉनिटर ५० हर्ट्झवर लावता येत असेल तर तो तसा लावावा. ब्लूटूथ हेडफोनमुळे आवाज मागे पडतो, तो दोष मात्र एम्युलेटरचा नव्हे.

रॉम आणि खेळ उतरवून घेणे कायदेशीर आहे का?

रॉम आणि खेळ यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो. रॉमचे हक्क असलेल्या अ‍ॅमस्ट्रॅडने १९९९ मध्ये एम्युलेटरसोबत रॉमच्या प्रती देण्यास जाहीर परवानगी दिली, मात्र त्यांतील कॉपीराइटची नोंद काढून टाकू नये अशी अट घातली. म्हणूनच बहुतेक एम्युलेटरांबरोबर रॉम आपोआप मिळते.

खेळांचे तसे नाही. ते विकत मिळणे बंद झाले म्हणून त्यांचे हक्क संपत नाहीत. काही लेखकांनी व प्रकाशकांनी आपले जुने खेळ वाटायला आनंदाने संमती दिली आहे, तर काहींनी ती स्पष्टपणे नाकारली आहे. जबाबदार संग्रह हा नकार पाळतात आणि तशी नोंदही ठेवतात. आजही स्पेक्ट्रमसाठी नवे खेळ लिहिले जातात व त्यांतले कितीतरी लेखक स्वतःच विनामूल्य किंवा अल्प किमतीत देतात, त्यांच्यापासून सुरुवात केली तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

माळ्यावरून जुने यंत्र काढले आहे. वीज जोडून पाहू का?

नाही. सर्वांत जास्त यंत्रे याच उत्साहात मरतात.

पहिला मुद्दा अडॅप्टरचा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट एकदिश वीज लागते आणि त्याच्या पिनेचा आतला भाग ऋण, बाहेरचा धन असतो. बाजारातले बहुतेक अडॅप्टर याच्या नेमके उलटे असतात. पीन बसते म्हणून अडॅप्टर चालेल असे समजणे महागात पडते. मूळ ब्रिटिश अडॅप्टर आपल्याकडच्या २३० व्होल्टवर चालतो, फक्त प्लग बदलावा लागतो; पण तोही चाळीस वर्षांचा झालेला असतो आणि भार नसताना ९ पेक्षा बरेच जास्त व्होल्ट दाखवतो. योग्य ध्रुवांचा, सव्वा ते दीड अ‍ॅम्पिअर देणारा नवा नियंत्रित अडॅप्टर घेणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

दुसरा मुद्दा आतल्या वीजपुरवठ्याचा. खालच्या १६ केबीसाठी वापरलेल्या ४११६ जातीच्या आठ चिपांना अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ असे तीन वेगवेगळे व्होल्ट लागतात. अधिक ५ व्होल्ट ७८०५ नियंत्रकातून मिळतात, तर उरलेले दोन टीआर-४ आणि टीआर-५ या ट्रान्झिस्टरांच्या आणि एका छोट्या कॉइलच्या मदतीने तयार होतात. टीआर-४ हा या यंत्राचा सर्वांत दुबळा दुवा आहे. शिवाय उणे ५ व्होल्ट गायब होऊन अधिक १२ चालू राहिले, तर ४११६ चिपा पाहता पाहता तापून निकामी होतात. म्हणून झाकण उघडून, मल्टिमीटरचे काळे टोक चिपेच्या १६ क्रमांकाच्या पायाला लावून, पाय १ वर उणे ५, पाय ८ वर अधिक १२ आणि पाय ९ वर अधिक ५ मिळतात का हे पहिल्याच मिनिटात तपासावे. मोजमाप चुकीचे आले तर लगेच वीज काढावी.

याआधीच जुने इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलले तर उत्तम. ते स्वस्तात मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत साधे सुटे भाग सहज सापडतात. ४११६ चिपा आणि यूएलए मात्र परदेशातल्या हौशी विक्रेत्यांकडूनच मागवाव्या लागतात. प्रोसेसरही आता नव्याने बनत नाही: झायलॉग कंपनीने २०२४ मध्ये सुट्या झेड-८० चिपांच्या अखेरच्या मागण्या स्वीकारून ते उत्पादन थांबवले. सुदैवाने झेड-८० क्वचितच बिघडतो.

यंत्र सुरू होते, पण पडद्यावर नुसते ठोकळे किंवा पट्टे दिसतात. हे काय असावे?

काहीतरी चित्र उमटते आहे याचा अर्थ यूएलए बहुधा जिवंत आहे, ही चांगली बातमी. पडद्यावर ठरावीक अंतराने उभे पट्टे दिसत असतील, तर खालच्या रॅममधली एखादी चिप गेलेली असण्याची शक्यता मोठी असते. वर सांगितलेले व्होल्ट ठीक असतील तरच चिपांकडे वळावे. बोटाने हात लावून इतरांपेक्षा जास्त तापलेली चिप शोधण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी पडते. बदललेली प्रत्येक चिप सॉकेटमध्ये बसवावी, थेट बोर्डाला सोल्डर करू नये.

काही कळा चालत नाहीत. कळफलक गेला का?

बहुधा कळफलकाखालची पातळ प्लास्टिकची पट्टी गेली आहे. तिच्या दोन शेपट्या बोर्डावरच्या सॉकेटमध्ये अडकवलेल्या असतात आणि वयोमानाने त्या ठिसूळ होऊन चिरतात. कळफलक आठ गटांत, प्रत्येकी पाच कळा अशा रीतीने वाचला जातो, त्यामुळे सलग पाच कळा एकदम बंद पडल्या तर दोष शेपटीत आहे हे ओळखावे. चिरलेली शेपटी चिकटपट्टीने जोडण्यात वेळ घालवू नये. नव्याने बनवलेल्या पट्ट्या मिळतात. रबरी कळांच्या यंत्राचा वरचा धातूचा पत्रा काढताना तो वाकतो आणि एकदा वाकलेला पत्रा पूर्ववत होत नाही, म्हणून डिंक गरम हवेने हळूहळू मऊ करून मगच तो उचलावा.

आजच्या टीव्हीला कसे जोडायचे?

मूळ यंत्र यूएचएफच्या ३६ क्रमांकाच्या वाहिनीवर चित्र पाठवते. अँटेनाची अ‍ॅनालॉग जोडणी असलेल्या टीव्हीवर ते दिसू शकते, पण अंधुक. प्रचलित उपाय असा, की मॉड्युलेटरच्या (चित्र टीव्हीच्या वाहिनीवर बसवणाऱ्या भागाच्या) डबीत शिरणाऱ्या दोन तारा सोडवून त्यांतली चित्राची तार थेट बाहेरच्या सॉकेटच्या मध्यभागी जोडायची, मध्ये १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ठेवायचा, आणि मग यंत्र टीव्हीच्या पिवळ्या व्हिडिओ सॉकेटमध्ये लावायचे. हा बदल मागे घेता येतो, म्हणून संग्राहकांनीही त्यास बिचकण्याचे कारण नाही. तरीही काही नवे टीव्ही हे चित्र नाकारतात, कारण स्पेक्ट्रमचा वेग पाल पद्धतीच्या ५० हर्ट्झपेक्षा किंचित वेगळा आहे. अशा वेळी एखादा जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही बाळगणे हाच खरा उपाय.

१२८ केबीचे यंत्र टीव्हीतूनच आवाज काढते. ब्रिटनमध्ये ध्वनी चित्रापासून ६ मेगाहर्ट्झवर, तर आपल्याकडे ५.५ मेगाहर्ट्झवर असतो, त्यामुळे ब्रिटनहून आणलेल्या १२८ चे चित्र इथल्या अँटेना सॉकेटवर दिसते पण आवाज नीट येत नाही. ४८ केबीच्या यंत्राचा भोंगा आतच असल्याने त्याला ही अडचण नाही.

प्रोग्राम आत कसे घालायचे? टेपरेकॉर्डर लागतोच का?

लागत नाही. कॅसेटवर असतो तो केवळ आवाज: शून्यासाठी ८५५ ठोक्यांचे दोन स्पंद आणि एकासाठी १,७१० ठोक्यांचे दोन. हा आवाज मोबाइलमधून वाजवला तरी यंत्राला फरक कळत नाही. कॅसेटवरची माहिती साठवणारी 'टॅप' किंवा 'टीझेडएक्स' फाइल आवाजाच्या फाइलमध्ये बदलणारी विनामूल्य साधने उपलब्ध आहेत. मोबाइलचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा, इक्वलायझर व सर्व 'सुधारणा' बंद कराव्यात, आणि फोन विमान मोडमध्ये ठेवावा, नाहीतर मध्येच आलेल्या एका संदेशाच्या टुणकाराने साडेचार मिनिटांची मेहनत वाया जाते. कडेवर आधी लाल-निळसर जाडे पट्टे आणि मग निळे-पिवळे बारीक पट्टे दिसू लागले की माहिती आत जात आहे असे समजावे.

टेपरेकॉर्डरच वापरायचा असेल तर त्याचा पट्टा नवा घालावा, हेड स्पिरिटने पुसावे आणि हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवून आवाज सर्वांत तीक्ष्ण ऐकू येईल अशा जागी आणावा. जुन्या गाण्यांच्या कॅसेटांचा आवाज दबका येऊ लागला की घरोघरी हेच करत असत.

रोजच्या वापरासाठी मागच्या जोडणीत बसणारे 'डिव्हएमएमसी' जातीचे एसडी कार्डाचे उपकरण सर्वांत सोयीचे. खेळ क्षणात सुरू होतो. हे उपकरण वीज चालू असताना कधीही काढू वा घालू नये.

कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

मागची उघडी जोडणी हिरवी पडते आणि कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी येते. यंत्र आणि कॅसेटा सिलिका जेलच्या पिशव्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि जोडणी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. बुरशी आलेली कॅसेट तशीच वाजवू नये, ती हेडवाटे दुसऱ्या कॅसेटांवर जाते.

नव्याने बनवलेले स्पेक्ट्रम घ्यावेत का?

'झेडएक्स स्पेक्ट्रम नेक्स्ट' हा २०१७ मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिला आणि २०२० पासून लोकांच्या हाती पडू लागला. त्याचे रूप रिक डिकिन्सन यांनीच आखले होते, पण यंत्र पूर्ण झालेले पाहण्याआधी, २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यात एम्युलेटर नसून जुन्या चिपांचे वर्तन एफपीजीए या, हवे तसे सर्किट घडवता येणाऱ्या चिपेत उभे केलेले आहे, आणि मूळ यंत्राच्या पुढच्या सोयीही आहेत. याउलट २०२४ च्या नोव्हेंबरात रेट्रो गेम्स कंपनीने आणलेला 'द स्पेक्ट्रम' रबरी कळांचा आणि एचडीएमआय जोडणीचा असला तरी आतून एम्युलेटरच आहे. त्यात ४८ खेळ भरून दिलेले आहेत. पहिला प्रयोगशील माणसासाठी, दुसरा दिवाणखान्यासाठी.

स्पेक्ट्रमवर मराठी लिहिता येते का?

येते, आणि हा या यंत्रावरचा एक अतिशय आनंददायी उद्योग आहे. ४८ केबीच्या यंत्रावर वापरकर्त्याला स्वतःची २१ अक्षरचित्रे आखता येतात, पण मुळाक्षरांना ती पुरत नाहीत. म्हणून ९६ अक्षरांचा संपूर्ण संच, म्हणजे ७६८ बाइट, स्मृतीत दुसरीकडे आखून ठेवावा आणि त्याच्या पत्त्यातून २५६ वजा करून येणारी संख्या २३६०६ व २३६०७ या पत्त्यांवर पोक करावी (बेसिकच्या 'पोक' आज्ञेने लिहावी), की पडद्यावरची सर्व अक्षरे बदलतात.

अडचण आठ ओळींची आहे. वरच्या दोन ओळी वेलांटी-मात्रांना, तिसरी शिरोरेषेला आणि शेवटची उकारांना दिली की अक्षराच्या देहाला चारच ओळी उरतात; त्यात 'क' आणि 'म' जमतात, 'ज्ञ' आणि 'श्र' गुदमरतात. ज्यांना हे खटकते ते प्रत्येक ओळीसाठी उभ्या दोन चौकटी वापरतात आणि पडद्यावर चोविसाऐवजी बारा ओळी मान्य करतात. शिरोरेषा मात्र आपोआप सलग येते, कारण शेजारच्या चौकटींमध्ये अंतर नसते. एम्युलेटरवर अक्षरे आखून ती नंतर खऱ्या यंत्रात नेणे सोयीचे.

घरी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामांच्या जुन्या कॅसेटा आहेत. त्या कशा वाचवाव्यात?

हे काम यंत्राच्या दुरुस्तीच्या आधी करावे. विकत मिळणारे खेळ जगात शेकडो ठिकाणी जतन झालेले आहेत. तुमच्या शाळकरी वयातल्या प्रोग्रामाची प्रत मात्र त्या एका कॅसेटवरच आहे, आणि फितीवरचा चुंबकीय थर दरवर्षी झडत आहे. कॅसेट एकदा पूर्ण पुढे व मागे फिरवून सैल करावी, हेडचा कोन त्या कॅसेटपुरता जुळवावा आणि संगणकावर ४४.१ किलोहर्ट्झ, एकमार्गी, कोणतेही आकुंचन न केलेली ध्वनिफाइल करावी. एमपी-३ करू नये. दोन्ही बाजू नोंदवाव्यात, कारण लहानपणी आपण कोणत्या बाजूला काय ठेवले हे कोणालाच आठवत नाही. त्यानंतर ती फाइल 'टीझेडएक्स'मध्ये बदलून एम्युलेटरवर चालवून पाहावी. एखादा भाग वाचता आला नाही तरी मूळ ध्वनिफाइल पुसू नये, ती दुसऱ्या जागीही ठेवावी. आज न उलगडणारे नोंदणीतले दोष उद्याची साधने दुरुस्त करू शकतात. कॅसेटच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेले टेपचे आकडे आणि प्रोग्रामांची नावे यांचाही फोटो काढून सोबत ठेवावा.